पूर्णेच्या डोहाचा परवाना

सोजराबाईचा पट्टा जाळ्यातून काढला, ही बातमी तिला कोणी सांगितली नाही. तिने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. दसरा होऊन चार दिवस झाले होते. पावसाळाभर आढ्याला टांगलेलं मोठं जाळं भोईपुऱ्यातल्या पुरुषांनी खाली उतरवलं होतं आणि नदीकाठच्या वाळूत उन्हाला पसरलं होतं. उजव्या अंगाचा चौथा तुकडा, म्हणजे सोजराबाईचा, त्यात नव्हता. तो गुंडाळून बाजूला टाकला होता आणि त्यावर कोणाची तरी कोंबडी निवांत बसली होती.

सोजराबाईने आधी कोंबडी हाकलली, मग किसनरावाकडे मोर्चा वळवला.

इथली रीत आधी सांगायला हवी. डोहखेड हे जळगाव जामोदपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, पूर्णेच्या काठी आहे. गावापाशी नदी रुंद होते आणि दिवाळीनंतर बाकीचं पात्र आटलं तरी इथल्या डोहात पुरुषभर पाणी राहतं. एवढ्या पाण्याला एकट्यादुकट्याचं जाळं पुरत नाही. म्हणून भोईपुऱ्यातल्या प्रत्येक घराने एकेक पट्टा विणायचा, सगळे पट्टे एकमेकांना जोडून एकच मोठं जाळं करायचं, आणि जितके पट्टे तितके माशांचे वाटे, अशी जुन्या लोकांनी घालून दिलेली रीत होती. कोण छातीइतक्या पाण्यात उतरतो आणि कोण काठावर विडी ओढत हुकूम सोडतो, हे कोणी मोजत नसे. पट्टा जाळ्यात आहे ना, मग वाटा आहे. पण रीत माणसांनीच घातलेली, तेव्हा तिला भोकंही माणसंच पाडतात.

किसनराव हे त्या वेळी भोईपुऱ्याचे पुढारी. माणूस तसा वाईट नव्हता, पण पुढारी झाल्यापासून खाकरल्याशिवाय बोलत नसे.

"भाऊजी, माह्या पट्ट्यानं तुमचं काय घोडं मारलं?" सोजराबाईने विचारलं.

किसनराव खाकरले. "तसं नाई वहिनी. उत्तमभाऊ गेला. पोरगी पडली सासरी. तुमच्या घरातून आता पाण्यात कोन उतरनार, सांगा बरं?"

"पट्टा उतरते ना पाण्यात!"

"पट्टा उतरते, पन ओढते कोन? अन् दुसरं म्हनजे, सरकारचा मानूस येऊन राह्यला जाळं पाह्याले. तुमचा पट्टा जुनाट. त्याची घरं एवढाली, बोटं घाला नाई तं मनगट घाला. सायबापुढं आमची शोभा कराची काय?"

सोजराबाईचा नवरा उत्तमराव उन्हाळ्यात तापाने गेला होता. त्याच्यामागे तिच्याकडे एक खोली, एक शेळी आणि हा पट्टा एवढंच राहिलं होतं. वाटा गेला तर वर्षाचे आठ महिने चूल कशावर पेटवायची, हा प्रश्न होता. दुसऱ्यांच्या कपाशीत वेचणीला जाता आलं असतं, पण पन्नाशीच्या भोईणीला बोंडं वेचायला कोण बोलावतो? तिने गुंडाळी उचलून डोक्यावर घेतली आणि ती तडक गोजरबाईच्या दारात गेली.

गोजरबाई ही भोईपुऱ्यातली दुसरी विधवा, सोजराबाईपेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेली. तिचा पट्टा सात वर्षांपूर्वीच जाळ्यातून गेला होता. अंगणात बसून ती तुरीच्या शेंगा सोलत होती. सोजराबाईने सगळी हकिकत सांगितली, मधे मधे किसनरावाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि शेवटी म्हणाली, "मले म्हनते, तुह्या घरी पाण्यात उतरनारं कोनी नाई! हे काय बोलनं झालं?"

"मलेई हेच म्हनले होते," गोजरबाई शेंग सोलता सोलता म्हणाली.

"कोन?"

"तुहा उत्तम. तवा पुढारी तोच होता ना."

सोजराबाई गुंडाळी खाली ठेवून तिच्यावरच बसली.

"तू त्या दिशी काय केलं, आठवते काय तुले? भरल्या वांग्याची भाजी आनून देली होती मले. चांगली झाली होती. पन मासोळीचा वाटा गेला अन् हाती वांगं आलं, हे मी इसरली नाई."

सोजराबाईला खरंच आठवलं. बारा वाट्यांचे अकरा झाले तेव्हा तिच्या टोपलीत दोन मरळ जास्त पडायला लागले होते. ते जास्तीचे मासे तिने सात वर्षं बिनघोर रांधले, खाल्ले, लेकीच्या सासरी धाडले. त्यात कोणाचा घास आहे, असं तिच्या मनाला एकदाही शिवलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की काही माणसं गरीब होतात. सोजराबाई मात्र जास्तच तापली, कारण आता तिला किसनरावावरही नीट रागावता येईना.

"मी काई माहा पट्टा सोडत नाई," ती उठत म्हणाली. "त्या सरकारी मानसालेच दाखवतो."

"दाखव," गोजरबाई म्हणाली. "माह्या वेळेले असा कोनी आला नव्हता."

हा सरकारी माणूस कशाला येणार होता, हे भोईपुऱ्यात कोणालाच धड ठाऊक नव्हतं. कोतवालाने येऊन दवंडी दिली होती, ती अशी: वऱ्हाड-मध्यप्रांतात नद्यांमधल्या मासेमारीला आता परवाना लागेल, तहसिलीतून कारकून येतील, जाळी तपासतील, जाळ्याची घरं मोजतील आणि पसंत पडलेल्या जाळ्यालाच परवाना देतील. 'पसंत पडेल' हे शब्द भोईपुऱ्याने मनावर घेतले. त्याला कारणही होतं. आदल्या वर्षी जळगावात सरकारी प्रदर्शन भरलं होतं. तिथे एका माळ्याच्या कोबीला फेटा आणि एका साळ्याच्या लुगड्याला चांदीचं पदक मिळालेलं किसनरावांनी स्वतः पाहिलं होतं. लुगडं का निवडलं, असं त्यांनी विचारल्यावर कोणीतरी सांगितलं होतं, "वीण पाहा किती बारीक आहे!"

झालं. किसनरावांनी सगळ्यांना बसवून समजावलं की सरकारला बारीक काम आवडतं. जुने पट्टे बाजूला ठेवा, नवे विणा, आणि असे विणा की साहेब पाहतच राहिला पाहिजे. त्यानंतरचे पंधरा दिवस भोईपुऱ्यात जेवणाखाण्याची शुद्ध नव्हती. म्हाताऱ्यांनी सुतळी वळली, बायापुरुषांनी मिळून पट्टे विणले, आणि शेजारच्या घरची वीण आपल्यापेक्षा बारीक दिसली की पुन्हा उसवून आणखी बारीक विणले. दहा पट्टे जोडून तयार झाले तेव्हा जाळं डोळ्याला लावून पाहिलं तरी पलीकडचं काही दिसत नव्हतं. किसनरावांनी त्याच्यावरून मायेने हात फिरवला.

दिवाळीच्या तोंडावर मार्तंडराव नावाचे कारकून दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, उतरले. वय पंचविशीचं, डोक्याला काळी टोपी, आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास येताच नाकाला लावलेला रुमाल. बिचाऱ्यांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य, आणि तहसिलीतल्या सगळ्या कारकुनांमधून हे काम नेमकं त्यांच्या वाट्याला आलेलं. त्यांना निंबाखाली खाटेवर बसवलं. त्यांनी दप्तर सोडलं, छापील कागद काढला आणि दौत मांडली.

त्या कागदाचीही एक गंमत होती. समुद्रावर मासे धरणाऱ्यांसाठी कुठल्याशा किनाऱ्यावर छापलेला नमुना कोणीतरी जसाच्या तसा उचलला होता, आणि तो फिरत फिरत पूर्णेच्या काठी पोचला होता. मार्तंडरावांनी तो कचेरीत तीनदा वाचला होता आणि शंकाही काढली होती. मोठ्या कारकुनांनी चष्म्यावरून पाहत एवढंच सांगितलं, "रकाना रिकामा ठेवायचा नाही."

"गलबताचं नाव?" मार्तंडरावांनी विचारलं.

"काय जी?" किसनराव म्हणाले.

"गलबत. मोठी होडी. पाण्यात कशातून जाता तुम्ही?"

"डोंगा हाय जी एक. पन त्याचं बूड गेलं."

"नाव काय त्याचं?"

"डोंगा."

मार्तंडरावांनी 'डोंगा' असं लिहिलं. "शिडं किती?" त्यांनी पुढे विचारलं, किसनरावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि स्वतःच 'शून्य' लिहून टाकलं. "किनाऱ्यापासून किती मैल आत जाता?"

किसनरावांनी वळून डोहाकडे पाहिलं. पलीकडच्या काठावर एक बाई धुणं धूत होती आणि तिच्या बांगड्या वाजलेल्या इकडे ऐकू येत होत्या. "मैलभर आत गेलो तं पल्याडच्या पाटलाच्या कपाशीत निंगू जी."

"वादळाची आगाऊ सूचना मिळण्याचं साधन?"

हा प्रश्न समजायला वेळ लागला. समजल्यावर किसनराव खुलले. "हाव, हाय ना जी! माह्या बायकोचा गुडघा."

रकाना रिकामा ठेवायचा नाही हे आठवून मार्तंडरावांनी तेही लिहिलं. बंदर म्हणून 'डोहखेड' लिहिलं आणि दप्तरातून एक लाकडी खुंटी काढली. अंगठ्यापेक्षा जाड, गुळगुळीत, बुडाला सरकारी शिक्का. "चला, जाळं दाखवा."

चौघांनी मिळून नवं जाळं उलगडलं. सगळा भोईपुरा गोळा झाला होता. किसनराव छाती काढून उभे राहिले. मार्तंडरावांनी जाळ्याजवळ जाऊन वाकून पाहिलं, रुमाल नाकावरून काढला आणि विचारलं, "हे जाळं आहे की मच्छरदाणी?"

"बारीक हाय ना जी?" किसनराव आनंदाने म्हणाले.

"अहो, ही खुंटी प्रत्येक घरातून सहज आरपार गेली पाहिजे! त्याशिवाय परवाना नाही. लहान मासळीला सुटायला जागा हवी."

किसनरावांना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "मासोळीले सुटाले जागा?" ते म्हणाले. "मंग त्याले जाळं कायले म्हनाचं जी?"

"पिल्लं सुटली तर पुढच्या साली मोठी होतील. आजच सगळी उपसलीत तर पुढे काय धराल?"

मार्तंडरावांनी नियम म्हणून दहाही पट्ट्यांवर खुंटी लावून पाहिली. एका घरातूनही ती गेली नाही. एका ठिकाणी तर तिचं टोकसुद्धा शिरेना. त्यांनी कागद गुंडाळायला घेतला. ते पुन्हा येणार होते पुढच्या दिवाळीला, म्हणजे तोवर डोहात जाळं टाकायची सोय नाही, आणि टाकलं तर जप्ती. पंधरा दिवस डोळे फोडून विणणाऱ्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. किसनराव खाकरायचंही विसरले.

तेवढ्यात सोजराबाई गर्दी सारून पुढे आली. डोक्यावरची गुंडाळी तिने मार्तंडरावांच्या पायाशी टाकली आणि सोडून पसरली. "हे पाहा बाबूसायेब. आमचं जुनाट."

मार्तंडरावांनी एका घरात खुंटी धरली. ती हातातून सुटून सरळ वाळूत पडली. त्यांनी ती उचलली, दुसऱ्या घरात घातली, तिसऱ्या, दहाव्या, विसाव्या. सगळीकडून ती अलगद गेली. कामटी जेवढी रुंद तेवढं जाळ्याचं घर मोठं, आणि उत्तमराव तीन बोटं रुंदीच्या बांबूच्या कामटीवर विणायचा, त्याचा बापही त्याच कामटीवर विणायचा. बाकी कुटुंबांच्या कामट्या गेल्या वीस वर्षांत हळूहळू अरुंद होत गेल्या होत्या.

"कोणाचा हा?"

"माहा."

"नाव सांगा."

"सोजराबाई. नवऱ्याचं नाव उत्तमराव भोई, तो वारला."

मार्तंडरावांनी दौतीत टाक बुडवला. किसनराव गडबडीने पुढे झाले. "सायेब, तुम्ही लिहा, मी नाई म्हनत नाई. पन बाईमानूस पाण्यात कशी उतरनार? तिच्या घरी कोनी नाई!"

मार्तंडरावांनी कागद वरून खाली वाचला, उलटून मागची बाजू वाचली. शिडं, दिवे, नांगर, बंदर, वादळ, सगळं होतं. "पाण्यात कोण उतरतो, असा रकानाच नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी नाव लिहिलं.

सोजराबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते कोणी पाहू नये म्हणून ती पट्टा गुंडाळायला लागली आणि उलटा गुंडाळला.

शिक्का मारून झाल्यावर मार्तंडरावांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावून सांगितलं: या पट्ट्याला याच मापाचे आणखी तुकडे जोडता येतील, पण परवाना बाईंच्या नावाचा, आणि त्या जाळ्यात येईल ती मासळी कायद्याने बाईंची. मग लोकांनी दिलेल्या भाजलेल्या शेंगा रुमालात बांधून घेऊन ते दमणीत बसले. वास त्यांना आता तितकासा लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच किसनराव सोजराबाईच्या दारात हजर झाले. तिने त्यांना बसा म्हटलं नाही. शेळीची धार काढून होईपर्यंत ताटकळत ठेवलं. हे तिला मनापासून आवडलं, आणि आपल्याला आवडतंय याचं तिला जराही वाईट वाटलं नाही.

"वहिनी," किसनराव म्हणाले, "आता तुमीच काय ते सांगा."

"पट्टे उसवा. माही कामटी घ्या, तिच्यासारख्या दहा करा, अन् त्यावर इना."

"अन् वाट्याचं कसं?"

"आधी मासोळी तं निंगू द्या, भाऊजी."

विणणीचे ते पंधरा दिवस सोजराबाईने राणीसारखे काढले. आजवर तिला नुसतं 'सोजरे' म्हणणारे लोक 'सोजराबाई' म्हणायला लागले. कागद तिने नऊवारीच्या ओच्यात बांधला होता. येता जाता ती तो चाचपून बघायची, आणि सगळीच्या सगळी मासळी आपल्या अंगणात पडली तर कसं दिसेल, हे चित्र तिने बरेचदा मनात रंगवलं. नाही म्हणायचं कारण नव्हतं, कायदाच तसा होता. लेकीला तोडे करता आले असते. किसनरावाला दारात उभं ठेवता आलं असतं वर्षभर. पण हे रंगवताना तिचे हात मात्र रोज कामटीवर चालत होते. स्वतःचा पट्टा तयार असताना ती काय विणतेय, हे कोणी विचारलं की ती म्हणे, "हाताले चाळा." गोजरबाईने कुंपणावरून एकदा पाहिलं.

कार्तिकी पौर्णिमा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जाळं डोहात उतरलं. वर सुक्या भोपळ्यांची रांग तरंगत होती, खाली भाजक्या मातीचे गोळे बांधले होते, आणि दोन्ही काठांनी पुरुष दोर धरून ओढत होते. जाळं आवळत आलं तशी लहान मासळी मोठ्या घरांतून भराभर निसटू लागली. दर वेळी पुरुष कळवळून ओरडत, "गेली, गेली बे!" आणि बायका हसत. शेवटी जाळं वाळूवर आलं तेव्हा त्यात मरळ होते, वाम होते, हातभर लांबीचे शिंगाडे मासे होते. जे राहिलं ते चांगलं दणकट होतं. भोईपुऱ्याचे चेहरे पुन्हा माणसात आले.

वाटे करायची वेळ झाली. एरवी हे काम किसनराव करत. आज ते नुसते उभे राहिले. सगळेच उभे राहिले आणि सोजराबाईकडे पाहायला लागले. तिचा हात ओच्यावर गेला. तिथे कागद होता. समोर चमचमणारा मासळीचा ढीग होता आणि हा सगळा माझा, एवढं म्हटलं की काम झालं असतं.

"वाटे करा ना," ती म्हणाली. "असे पाह्यता काय?"

"किती करू?" किसनरावांनी हळूच विचारलं.

"बारा. सारखे."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणीतरी सुस्कारा सोडला. किसनरावांनी मनातल्या मनात घरं मोजली. "आपन तं अकरा हाव, वहिनी."

"जाळ्यात पट्टे बारा हायेत. मोजून पाहा."

मोजले. डाव्या टोकाला, अगदी शेवटी, एक नवा कोरा पट्टा जोडलेला होता.

"हा कोनाचा?"

"गोजराचा," सोजराबाई म्हणाली.

गोजरबाई घागर घेऊन पाण्याला आली होती आणि लांब उभी राहून मजा बघत होती. आपलं नाव ऐकल्यावरही ती जागची हलली नाही. वाळूत निंबाच्या पाल्यावर बारा ढिगल्या मांडल्या गेल्या. मग जुन्या पद्धतीप्रमाणे किसनराव ढिगल्यांकडे पाठ करून उभे राहिले, म्हणजे कोणाला कोणती मिळते हे नाव घेणाऱ्याला दिसू नये. एक जण एकेका ढिगलीवर काठी टेकवून विचारू लागला, "हा कोनाचा?" आणि किसनराव पाठमोरेच नावं घेऊ लागले. पाचव्या ढिगलीला त्यांनी खाकरून मोठ्याने म्हटलं, "गोजरबाईचा."

गोजरबाईने घागर खाली ठेवली. सावकाश चालत ती आपल्या ढिगलीपाशी आली आणि बसली. तिने एका मरळाचा कल्ला उघडून पाहिला, दुसऱ्याचा पाहिला. सोजराबाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली होती. आपल्याला वाटलं होतं ही रडेल, गळ्यात पडेल, निदान चार चांगले शब्द बोलेल, हे तेव्हा सोजराबाईच्या ध्यानात आलं आणि ती ओशाळली.

"अन् मागचे सात वरसं?" गोजरबाईने वर न पाहता विचारलं.

"ते मी खाल्ले," सोजराबाई म्हणाली.

"माहीत हाय. गोड लागत होते काय?"

खोटं बोलणं सोपं होतं. सोजराबाई म्हणाली, "हाव. गोड लागत होते."

गोजरबाईने आता वर पाहिलं. मग ती एकेक मासा उचलून टोपलीत भरू लागली, आणि भरून झाल्यावर तिने टोपली उचलून पाहिली. ती चांगलीच जड झाली होती.

"मंग उभी काऊन राह्यली?" ती म्हणाली. "धर इकडून. एकटीच्यानं उचलत नाई."

सोजराबाईने वाकून टोपलीची एक कड धरली.